दहावी-बारावी पास झालेल्या पोरांना काय द्यायचं? कोल्हापुरात पहिल्यांदाच भेटवस्तू घ्यायला निघालेल्यांसाठी

दुपारी एकला निकाल ऑनलाइन दिसतो आणि दीडच्या आत मिठाईच्या दुकानांपुढं गर्दी होते. घरच्या ग्रुपवर टक्के पडतात, त्याखाली अंगठे आणि फुलं. कोकण विभाग पुन्हा पहिला का, आपला कोल्हापूर विभाग कितवा, यावर चहाच्या गाड्यावर चर्चा झडते. या सगळ्यात नव्यानं मामा, काकी किंवा आत्या झालेलं, नाहीतर बदलीवर नुकतंच कोल्हापुरात आलेलं माणूस गोंधळतं. शेजारच्या पोरीला ८८ टक्के पडलेत, रिकाम्या हातानं कसं जायचं? आणि न्यायचं ते काय?

अशांसाठी हे लिहितोय. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाकिटावर नाव घालून ५०१ रुपये द्यायची रीत आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही. पाकीट वाईट नसतं, पण त्याचं पुढं काय होतं ते खाली सांगतोच.

आधी थांबा

निकालाच्या दिवशी फक्त पेढे न्या. अर्धा किलो पुरे. त्या दिवशी पोराला भेटीची शुद्ध नसते, आई फोनवर असते, वडील दाराशी आलेल्या-गेलेल्याला पेढा देत असतात. तुमचं पार्सल कपाटावर जाऊन बसतं.

थांबायचं खरं कारण वेगळं आहे. हे पोरगं जूनमध्ये कुठल्या वाटेला लागणार हे निकालाच्या दिवशी बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं. अकरावी सायन्स म्हणणारं पोरगं पंधरा दिवसांनी डिप्लोमाचा फॉर्म भरून येतं. पुण्याला जायचं ठरलेली पोरगी इथंच गावातल्या कॉलेजात राहते. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मेला आणि दहावीचा १३ मेला लागला. मूळ गुणपत्रक शाळेतून हातात यायला त्यानंतर काही दिवस लागतात, आणि त्याच वर्षापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाल्यामुळं याद्यांची वाट बघणं आलंच. म्हणजे भेट द्यायला दोन-चार आठवड्यांचा निवांत वेळ आहे. उशीर झाला म्हणून कुणी नाराज होत नाही. पोरांना तर उलट बरं वाटतं, सगळ्यांचा उत्साह ओसरल्यावर आपली आठवण ठेवून कुणीतरी आलं म्हणून.

मग विचारा, पण पोराला नको

पोराला विचारलंत तर उत्तर ठरलेलं: ‘काय बी नको मामा.’ आणि आई मागनं म्हणणार, ‘कशाला उगीच खर्च!’ या दोन्हींवर विश्वास ठेवायचा नाही. विचारायचं ते थोरल्या भावंडाला किंवा जवळच्या मित्राला. प्रश्न ‘काय पाहिजे?’ असा नको. पुढं काय करणार, कॉलेज कुठलं, जाणार कसं, राहणार कुठं, या चार गोष्टी कळल्या की भेट आपोआप सुचते. कागलहून रोज एसटीनं येणारी पोरगी आणि राजारामपुरीतनं सायकलनं जाणारी पोरगी, दोघींचे मार्क सारखे असले तरी गरजा सारख्या नसतात.

टक्के विचारू नका असं म्हणत नाही, ते तुम्हाला न विचारताच कळतील. पण टक्क्यांवर रक्कम ठरवू नका. ९० च्या पुढं हजार आणि ७० ला दोनशे, असा दर काही घरांत खरंच चालतो. सख्ख्या भावंडांत किंवा चुलत भावंडांत तो दर पोरं बरोबर ओळखतात आणि विसरत नाहीत.

अकरावीला गावातच राहणाऱ्यांसाठी

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी भेट सांगतो: कागदपत्रांची फाइल. हसू नका. जूनमध्ये प्रत्येक घरात ‘दाखला कुठं ठेवलास?’ यावरनं भांडण होतं, आणि ते मिटवायला तुमची फाइल कामी येते.

नुसती फाइल मात्र देऊ नका, भरून द्या. ए-फोरपेक्षा जरा मोठी, लीगल आकाराची घ्या, कारण बऱ्याच शाळांचा सोडल्याचा दाखला लांब कागदावर असतो आणि ए-फोरच्या खिशात दुमडून बसवावा लागतो. आत पारदर्शक खिसे वीस तरी असावेत. प्रत्येक खिशावर छोटी चिठ्ठी चिकटवा: गुणपत्रक, एलसी, आधार, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल त्या घरात जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर. शेवटच्या खिशात एक छोटा स्टेपलर, गोंदाची कांडी, निळं आणि काळं अशी दोन पेनं आणि पासपोर्ट फोटो ठेवायला लहान पाकीट. वर एक ओळ लिहून द्या, ‘मूळ कागदाचं लॅमिनेशन करायचं नाही.’ हौसेनं गुणपत्रक लॅमिनेट करणारे आजोबा प्रत्येक गल्लीत असतात, आणि पुढं पडताळणीच्या वेळी कागदावर शिक्का मारायची पाळी आली की पंचाईत होते. हे सगळं मिळून एका मध्यम केकच्या पैशात बसतं.

दुसरी वस्तू रेनकोट. कोल्हापूरचा जून-जुलै माहीत नसेल तर ऐका: कॉलेज सुरू होतं आणि पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर रोज बघायचे दिवस येतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. अशा पावसात सायकलवरनं किंवा केएमटीच्या (शहर बसच्या) थांब्यावर उभं राहून कॉलेज गाठायचं तर छत्री काही कामाची नाही. शर्ट-पॅन्टचा दोन तुकड्यांचा रेनकोट घ्या, शिवणीवर आतनं पट्टी चिकटवलेली आहे का बघा (ती नसेल तर पाणी खांद्यातनंच आत येतं) आणि सोबत सॅकचं कव्हर. रंग गडद नको, पावसात गाडीवाल्यांना दिसेल असा.

सायन्स घेणाऱ्याला सायंटिफिक कॅल्क्युलेटर द्यायची फॅशन आहे. घेऊ नका. राज्य मंडळाच्या बारावीला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल वापरतात. जेईई, नीटलाही तो आत नेता येत नाही. नीट देणाऱ्याला भारी घड्याळ देण्याआधीही लक्षात ठेवा, परीक्षेला ते बाहेरच काढून ठेवावं लागतं. एरवी रोज वापरायला देत असाल तर जरूर द्या.

वाचायची आवड असलेल्या पोरा-पोरीला पुस्तक देताना माझं मत थोडं वेगळं आहे. पुस्तक निवडणं अवघड, त्यात आपली आवड घुसते. त्यापेक्षा ग्रंथालयाची वर्षाची वर्गणी भरून पावती द्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या शहरात आहे. एवढ्या जुन्या ग्रंथालयाचं कार्ड सोळाव्या वर्षी खिशात असणं ही छोटी गोष्ट नाही. बारावीनंतर स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याला किंवा नीटसाठी एक वर्ष थांबलेल्याला असंच अभ्यासिकेचं महिन्या-दोन महिन्यांचं शुल्क भरता येतं. अभ्यासिका कुठली ते मात्र त्यालाच ठरवू द्या. पंखा कुठं, खिडकी कुठं, शेजारी कोण, यावर सगळं असतं.

डिप्लोमा आणि आयटीआय

या पोरांना भेटी कमी येतात आणि आल्या तरी चुकीच्या येतात. दहावीनंतर डिप्लोमाला गेलेल्याला ‘अकरावी नाही घेतलीस?’ असं विचारत नक्षीदार पेन सेट देणारे खूप. खरंतर याच पोरांना लागणाऱ्या वस्तू अगदी ठरलेल्या आहेत, त्यामुळं भेट निवडणं सगळ्यात सोपं.

डिप्लोमाला सायंटिफिक कॅल्क्युलेटर खरंच लागतो, फक्त नॉन-प्रोग्रामेबल घ्या. ड्रॉइंगसाठी मिनी ड्राफ्टर आणि वर्कशॉपसाठी एप्रन लागतो, पण कॉलेज आपली यादी देतं ती आल्यावरच घ्या, नाहीतर घरात दोन ड्राफ्टर होतात.

आयटीआयला फिटर, टर्नर किंवा मशिनिस्टला प्रवेश मिळालेल्या भाच्याला मी डोळे झाकून व्हर्निअर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) सुचवतो. दीडशे मिलिमीटरचा, ०.०२ मिमी लघुतम मापाचा, स्टेनलेस स्टीलचा. दुकानात उभं राहून दोन गोष्टी बघायच्या. जबडे पूर्ण मिटवा आणि उजेडाकडं धरा; मधनं प्रकाशाची रेघ दिसली तर तो ठेवून दुसरा मागा. मग मिटलेल्या स्थितीत सरकत्या पट्टीवरचा शून्य मुख्य पट्टीवरच्या शून्याशी तंतोतंत जुळतो का पाहा. सरकताना अडखळत नाही ना, स्क्रू घट्ट बसतो ना, तेही हातानं बघा. बाहेर डबी कडक हवी, रेक्झिनच्या पाकिटात तो वाकतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपमध्ये पुढची वीस वर्षं ज्याचं पोट या मापावर चालणार, त्याच्या हातात पहिला कॅलिपर तुमचा असला तर तो नाव काढेल. बजेट जरा वाढत असेल तर सेफ्टी शूज. पण मग पोराला सोबत न्या, पोलादी टोपीच्या बुटाचा नंबर अंदाजानं घ्यायचा नसतो.

बाहेरगावी निघालेल्यांसाठी

बारावीनंतर पुण्याला किंवा आणखी लांब हॉस्टेलला जाणाऱ्याला घरचे लोक बादलीपासून गादीपर्यंत सगळं देतात. तुम्ही त्यात भर टाकायची नाही. शोभेची वस्तू तर मुळीच नको. हॉस्टेलच्या खोलीत कपाटाचा एक कप्पा वाट्याला येतो. चांगलं कुलूप आणि त्याच्या तीन किल्ल्या, सोलापुरी चादर, स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, यातलं एखादं घ्या. किटली किंवा इस्त्री घेण्याआधी हॉस्टेलचे नियम विचारा, बऱ्याच ठिकाणी त्या जप्त होतात.

आणि कांदा-लसूण चटणी. ही आई देणारच असं गृहीत धरून मावश्या-आत्या सोडून देतात, पण पहिल्या महिन्यातच ती संपते, कारण ती एकटं पोरगं खात नाही, अख्खी खोली खाते. म्हणून दोन डबे द्या, एक आत्ता आणि एक गणपतीला घरी येईल तेव्हा. काचेच्या बरणीत देऊ नका. प्लास्टिकच्या दणकट बरणीत दाबून भरा, तोंडावर पिशवीचा तुकडा घालून झाकण फिरवा आणि बाहेरनं आणखी एक पिशवी. एसटीच्या कॅरिअरवर बॅग उलटी पडली की लाल तेल कपड्यांपर्यंत पोचतं, आणि नवीन कॉलेजातला पहिला शर्ट तोच असतो.

उलटही आहे. राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याकडनं पोरं शिकायला कोल्हापुरात येतात. ओळखीतलं कुणी असं आलं असेल तर मेसचं एका महिन्याचं शुल्क ही उत्तम भेट. हे शहर बाहेरच्या पोरांना राहण्या-जेवणाची सोय करून देतं हे काही आजचं नाही. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी राहत गेली. मेसचे पैसे परस्पर मेसवाल्याला भरा आणि पोराला पावती द्या. हातात रोख दिली तर ती घरी पाठवली जाते.

पाकीट द्यायचं असेल तर

पाकिटाचा प्रवास सांगतो. मामा पोराच्या हातात देतो, पोरगं पाया पडतं, आई म्हणते ‘दे इकडं, ठेवून देते.’ संपलं. दोन वर्षांनी त्यातनं फ्रिजचा हप्ता जातो आणि त्यात गैर काही नाही, पण तुमची भेट पोरापर्यंत पोचली असंही म्हणता येत नाही.

रक्कम पोराच्या नावावर जावी असं वाटत असेल तर त्याच्या बचत खात्यात टाका. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं खातं बँका उघडू देतात, मर्यादा ज्या त्या बँकेच्या असतात. खातं नसेल तर उघडायला सोबत जाणं हीच अर्धी भेट: स्लिप कशी भरायची, पासबुक कसं छापून घ्यायचं, हे पोरांना कुणी शिकवत नाही. पोस्टात दरमहा १०० रुपयांपासून पाच वर्षांचं आवर्ती ठेव खातं निघतं. पहिला हप्ता तुम्ही भरा आणि पुढचे पोरानं आपल्या खाऊच्या पैशातनं भरायचे, असं ठरवलंत तर काही पोरं खरंच भरतात. सगळी नाही.

कोल्हापुरी वस्तू: चप्पल, चांदी, सोनं

बदलीवर आलेल्या माणसाला पहिलं सुचतं ते कोल्हापुरी चप्पल. सुचणं बरोबर, वेळ चुकीची. निकालानंतर तीन आठवड्यांत पाऊस येतो आणि कातडी चप्पल पावसात घालायची नसते. भिजली की फुगते, वास मारते, तळ सुटतो. जूनमध्ये दिलेली जोडी दसऱ्यापर्यंत पिशवीत पडून राहते आणि वाढत्या वयाच्या पोराचा पाय तोवर एक नंबर पुढं गेलेला असतो.

म्हणून आत्ता एका कार्डावर लिहून द्या, ‘दसऱ्याला चप्पल लाईनला जाऊ.’ आणि चपलांच्या दुकानांच्या त्या रांगेत खरंच जा. पोराला नेल्याशिवाय चप्पल घेऊ नका. गेल्यावर घाई करू नका. चप्पल उलटी करून तळ बघा: चांगल्या हातच्या चपलेला चामड्याच्याच वादीची शिवण असते, खिळे नसतात. वास घ्या, कमावलेल्या कातड्याचा वास आणि रेक्झिनचा वास पहिल्यांदा घेणाऱ्यालाही वेगळे कळतात. दोन्ही पायांत घालून चार पावलं टाकायला लावा. अंगठ्याला आणि वरच्या पट्ट्याला सुरुवातीला घट्ट वाटणं ठीक, पण टाच तळाबाहेर जाता कामा नये. कापशी चपलेचे बाजूचे कान पोरांना आवडतात, पोरींना बहुधा बारीक वेणीचा हलका जोड. करकर वाजणारी पाहिजे असेल तर तसं सांगून घ्यावी लागते, आणि ती घेण्याआधी घरातल्या आजीला विचारा, दुपारची झोप तिची जाणार आहे. सुरुवातीचे काही दिवस रोज थोडा वेळ घालायची, पट्ट्यांना आतनं तेलाचं बोट फिरवायचं, म्हणजे पाय सोलत नाही.

या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. तेव्हा दुकानदार ‘अथणीचा माल आहे’ म्हणाला तर नाक मुरडायचं कारण नाही, अथणी बेळगाव जिल्ह्यातच येतं.

चांदी घ्यायची तर आपल्या जिल्ह्यात हुपरी आहे, घरोघरी चांदीचं काम चालणारं गाव. सोळा वर्षांच्या पोरीला जाड पैंजण मात्र देऊ नका. कॉलेजात ती घालत नाही आणि घरी आईच्या डब्यात जातात. बारीक साखळी किंवा साधे कानातले बरे. बिलावर वजन, शुद्धता आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, सोन्याचा छोटा दागिना घेणार असाल तर त्यावरचा हॉलमार्क बघा आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक (दागिन्याचा ओळख क्रमांक) बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा, दुकानातच. सराफाला राग येत नाही. आला तर दुसऱ्या दुकानात जा.

ज्यांना कुणी काही देत नाही

एक-दोन विषय राहिलेल्या पोराच्या घरी त्या आठवड्यात कुणी जात नाही. पाहुणे फोनही टाळतात, काय बोलायचं कळत नाही म्हणून. दहावीला एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळू शकतो आणि पुरवणी परीक्षाही लगेच होते, हे बऱ्याच घरांना धक्क्यात आठवत नाही. तुम्ही जा. पेढे नेऊ नका, टोचतात. त्याच्या आवडीची भेळ किंवा वडा न्या, अर्धा तास इकडचं-तिकडचं बोला, मग राहिलेल्या विषयाच्या सरावाचा संच किंवा महिनाभराच्या शिकवणीची फी, आईबापांना विचारून, द्या. उपदेश सोबत देऊ नका. तो घरात आधीच भरपूर वाटला गेलेला असतो.

खेळाडू पोरांचंही असंच. वर्षभर शाहू स्टेडियमवर पळून साठ टक्के मिळवलेलं पोरगं घरच्यांच्या नजरेत ‘वाया गेलेलं’ असतं. फुटबॉलचे स्टड्स द्या, पण नंबर आणि मॉडेल त्याच्याकडनंच. आपल्या मनानं घेतलेले ते घालणार नाही. चित्र काढणाऱ्यांना मोठ्ठी रंगपेटी नको, तीनशे जीएसएमचे जलरंगाचे कागद आणि त्याला संपत आलेल्या रंगांच्या चार ट्यूबा द्या.

तालीम आणि मंडळांनी गुणगौरव ठेवला असेल तर

२६ जूनच्या शाहू जयंतीच्या आसपास पेठापेठांत गुणगौरव समारंभ होतात. नव्यानं कार्यकर्ता झालेल्यांच्या गळ्यात भेटवस्तू आणायचं काम पडतं. स्मृतिचिन्हावर सगळे पैसे घालवू नका. सोनेरी प्लास्टिकचा चषक वर्षभर टीव्हीवर बसतो आणि मग माळ्यावर जातो. त्याच पैशात सॅक किंवा दोनशे पानी वह्यांचा डझन येतो, घाऊक घेतलं तर आणखी स्वस्त. मंडळाचं नाव छापायचंच असेल तर आतल्या बाजूला छापा. पाठीवर पुढाऱ्याचा फोटो असलेली सॅक कॉलेजला कुणी नेत नाही. यादी करताना पहिल्या तिघांवर थांबू नका, गल्लीतली पास झालेली सगळी पोरं घ्या आणि सगळ्यांना एकच वस्तू द्या. पहिल्या आलेलीला तिची टाळी मिळणारच आहे. नावं शाळेच्या गुणपत्रकावरनं उतरवून घ्या. स्टेजवर आडनाव चुकलं तर त्या घरात वर्षभर तेच ऐकावं लागतं.

देताना

संध्याकाळी सात-साडेसातला, जेवणाच्या आधी जा. वस्तू पोराच्या हातात द्या, आईच्या नको. चार पाहुण्यांसमोर उघडायला लावू नका. किमतीची चिठ्ठी काढा, पण बिल आत ठेवा किंवा फोटो काढून पाठवा. रेनकोट, बूट, कपडे यांचा नंबर बदलावा लागतो, आणि बिलावाचून दुकानदार ऐकत नाही. बदलून द्यायची मुदत किती दिवसांची ते घेतानाच विचारून बिलाच्या मागं पेनानं लिहा.